भराव

हॉटेलच्या सभागृहाचं दार सहज आठ फूट उंच होतं आणि मी त्यातून वाकून आत गेले. मान खाली, खांदे आत, उजवा हात डोक्यावर, चौकटीचा अंदाज घ्यायला. मागून तिउर हसली. "कुणाला नमस्कार केलास गं? आत अजून कुणी आलेलंही नाही." तिउर ही माझी या फेलोशिपपुरती खोलीतली सोबतीण. तोबा सरोवराकडची, म्हणजे दुसऱ्या बेटावरची, कायदा शिकणारी, आणि आवाज असा की कुजबुजली तरी पलीकडच्या टेबलावर ऐकू जावं. मीही हसले. म्हटलं, सवय. "कसली सवय? तू काय एवढी उंच आहेस?" असं म्हणून ती चहाच्या टेबलाकडे गेली. मी तिथेच, दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिले. हात अजून डोक्यावरच होता आणि त्या हाताला वर काहीच लागत नव्हतं. लागायला हवं होतं असं नाही. पण काहीतरी लागायचं राहिलं अशी एक चुटपुट मनात सुरू झाली, आणि ती काही केल्या जाईना.

काल रविवार, फेलोशिपला सुट्टी, म्हणून मी घरी जाऊन आले होते. सेमारांग शहराच्या या टेकडीवरून आमचं गाव, रांदुकेरेप, मोटारसायकलनं तासाभराच्या वाटेवर आहे, शेवटचा तुकडा होडीनं. आमच्या घरी दारातून जाताना वाकावं लागतं. गावात सगळ्यांच्याच घरी लागतं, म्हणून त्याला कुणी वाकणं म्हणत नाही, आत जाणं म्हणतात. वडिलांनी लग्नाच्या वर्षी ते दार बसवलं तेव्हा त्यातून डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली बाई सरळ आत जाई. आता फक्त आई सरळ जाते, कारण ती जेमतेम साडेचार फूट आहे. "हे घर शेवटी माझ्या मापाचं झालं," असं ती पाहुण्यांना सांगते आणि पाहुणे कपाळ चोळत हसतात. दार काही खाली आलेलं नाही. जमीन वर आली आहे, भरतीचं पाणी घरात शिरतं म्हणून. अलीकडे दर तीन-चार वर्षांनी, ईदेच्या आधी, कोरड्या दिवसांत मातीच्या होड्या येतात, सामान आढ्याला टांगलं जातं, शेजारीपाजारी टोपल्या वाहतात, धुम्मसानं माती ठोकतात, वर सिमेंटचा हात फिरवतात आणि आई पिवळा भात करून सगळ्यांना जेवायला घालते. दुसऱ्या दिवशी कोरड्या जमिनीवर बसून सगळे म्हणतात, यंदा पाणी कमी आहे. वरच्या शहरातले लोक सणाला भिंती रंगवतात, आम्ही जमीन वर घेतो. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नसतं. विजेचं बटण गुडघ्यापाशी येतं, पंखा काढून ठेवावा लागतो, खिडकीतून पाय बाहेर टाकून बसता येतं. आणि आजोबा. आजोबांची तसबीर मी दहा वर्षांची असताना लागली. वडिलांनी हात वर करून खिळा ठोकला, हातोडी मी दिली होती. तेव्हा आजोबा वरून बघत आणि मला त्यांची भीती वाटे. पुढे एका ईदेला ते वडिलांच्या कपाळापर्यंत आले, मग छातीपर्यंत. आता जेवायला बसलं की ते पंगतीत बसल्यासारखे समोर असतात. तसबीर वर सरकवा असं मी एकदा म्हटलं होतं. वडील म्हणाले, "राहू दे. येताहेत खाली तर येऊ दे त्यांना."

सभागृहात खुर्च्या मांडायचं काम चाललं होतं. समोरच्या भिंतीवर पडदा होता आणि त्याच्याशेजारी कापडी फलक: हवामान नेतृत्व फेलोशिप, आम्हा बारा जणांचे बाटिकचे सदरे घातलेले फोटो, सगळे एकाच दिशेला बघणारे. त्या दिशेला छायाचित्रकाराचा मदतनीस हात हलवत उभा होता, हे आम्हालाच माहीत. बारा जण बारा विद्यापीठांतून आलेले, सगळे पदव्युत्तर. पहिले तीन दिवस आम्हाला फक्त स्वतःची गोष्ट सांगायला शिकवलं. फेलोशिपच्या प्रमुख बू हापसारी, आमच्याकडे बायकांना मानानं बू म्हणतात, फार शांत बाई आहेत, कधी आवाज चढवत नाहीत, समोरच्याचं बोलणं संपल्यावर मनात पाच मोजून मग बोलतात. त्या म्हणाल्या होत्या, आकडा एकच सांगा, पण असा सांगा की तो ऐकणाऱ्याच्या सोबत त्याच्या घरापर्यंत जाईल. माझा आकडा सदतीस. सहा वर्षांपूर्वी वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उधाणाला आमच्या घरात अठ्ठेचाळीस सेंटीमीटर पाणी होतं, यंदा अकरा. मधल्या काळात गावानं समुद्राच्या बाजूला बांबू आणि फांद्यांचा कुडाचा बांध घातला, त्याच्यामागे गाळ साचला, गाळात तिवरं लावली. बांधाच्या दोन रांगा, दोन वेगवेगळ्या वर्षी. माझ्या आलेखात पाणी दोन ठिकाणी पायरी उतरावी तसं उतरलेलं दिसतं. त्या पायऱ्यांना मी नावं दिली होती, पहिली रांग आणि दुसरी रांग. दोन पायऱ्यांच्या मध्ये रेघ हळूहळू थोडी चढते, ती मी बांधाची झीज म्हणून समजावून सांगितली होती. माझ्या प्राध्यापकांना तो आलेख इतका आवडला की त्यांनी तो आपल्या खोलीच्या दारावर लावला. याच सदतीसवर मला ही फेलोशिप मिळाली. तिउर तर मला नावानं हाक न मारता "सदतीस" अशीच मारायची.

आणि आज दहा वाजता ते सदतीस मला सांगायचं होतं. नुसतं आम्हा बारा जणांसमोर नाही. जिल्ह्याच्या कचेरीतले लोक येणार होते आणि किनाऱ्यावरच्या तीन गावांची माणसं येणार होती. त्या तीन गावांना महिनाअखेरीपर्यंत एक काहीतरी ठरवायचं होतं: टेकडीच्या पायथ्याशी मिळणाऱ्या जागांच्या यादीवर नावं घालून उठायचं, की आमच्यासारखा बांध घालून तिथेच राहायचं. दोन्ही मिळणार नव्हतं. ती माणसं रांदुकेरेपची गोष्ट ऐकायला येत होती आणि ऐकून ठरवणार होती. त्या यादीत आमच्या गावाचं नाव नव्हतं. दोन वर्षांपूर्वी होतं, मग कुणीतरी माझा आलेख पाहिला आणि काढलं. आमचं पाणी उतरत होतं ना.

मी हात खाली घेतला. खुर्ची ओढून बसले आणि भाषणाचे कागद काढले. पहिलंच वाक्य होतं, माझे वडील गेली सहा वर्षं दर उधाणाला उंबऱ्याच्या आत एक बांबूची काठी उभी धरतात. बू हापसारींना ते वाक्य फार आवडलं होतं. डोळ्यांसमोर येतं म्हणाल्या. माझ्याही डोळ्यांसमोर आलं. यंदाच्या मोठ्या उधाणाला पाहिलं होतं. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात वही, वाकून बोटानं ओली खूण दाबून धरलेली, आणि मग एखादं गुपित सांगावं तसं हळूच, "अकरा". काठी कशावर उभी होती? जमिनीवर. कुठल्या जमिनीवर? इतका साधा प्रश्न की तो पडल्याची आधी लाजच वाटली, म्हणजे कुणी बघतंय का असं मी आजूबाजूला पाहिलं. पहिल्या वर्षी काठी जिथे टेकली होती ती जमीन आता नव्हती. ती खाली होती, दोन भरावांच्या खाली. ज्या होड्यांतून बांधाच्या पहिल्या रांगेचे बांबू आले त्याच होड्यांतून आमच्या घरची माती आली होती, कारण होड्या कोरड्या दिवसांतच येतात. दुसऱ्या रांगेच्या वेळीही तसंच. ती माती मी वाहिली होती. दोन्ही वेळा, टोपलीखाली जुनी ओढणी गुंडाळून. माझे प्राध्यापक वर टेकडीवर राहतात, त्यांना कधी घरातली जमीन वर घ्यावी लागली नाही, त्यांना कसं सुचणार. आणि आम्ही खालचे, आम्हाला ती इतकी अंगवळणी पडलेली की ती मोजायची असते हे आमच्या गावीच नाही.   माझ्या आलेखात खरं असं एवढंच होतं, पायऱ्यांच्या मधली ती बारीक चढण, जिला मी झीज म्हटलं होतं.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी बाहेर गच्चीत गेले. तिथून खाली सगळं शहर आणि त्याच्या पलीकडे समुद्र दिसतो. समुद्र असा दिसतो की त्याचं कुणाशी काही वाकडं नाही. मी घरी फोन लावला.

"पाक," मी वडिलांना म्हटलं, "आजोबांचा खिळा जमिनीपासून किती वर आहे, जरा मोजता का?"

"कशाला? विकायचाय?"

"मोजा ना."

"हॉटेलात हेच शिकवतात वाटतं." पलीकडे मोजपट्टी शोधल्याचा आवाज, आईचं काहीतरी बोलणं, डबा पडल्याचा आवाज. "एकशे पस्तीस."

"आणि ठोकला तेव्हा?"

"तेव्हा कोण मोजतंय. हात वर करून ठोकला. स्टूल मागितलं तर तुझ्या आईनं दिलं नाही, त्यावर भात ठेवला होता."

"मग अंगणात, छत लागणार नाही तिथे, जाऊन हात तसाच वर करा आणि आईला मूठ कुठवर येते ते मोजायला सांगा."

वडिलांनी का म्हणून विचारलं नाही. ते गेले. पाण्यातून पाय ओढत गेल्याचा आवाज आला, मग आईचा, "या वयात कवायत. सरळ उभे राहा, पोट आत घेऊन काय उपयोग, हात मोजायचाय."  मग वडील म्हणाले, "एकशे नव्वद." दोन भरावांची उंची काढायला मी मनातल्या मनात वजाबाकी केली. पंचावन्न. यंदाचे अकरा आणि पंचावन्न, सहासष्ट. तेव्हाचे अठ्ठेचाळीस.

"न्दुक," वडील म्हणाले. ते मला लहानपणी असं म्हणायचे, पोरी या अर्थानं, आणि आता फक्त मी आजारी असले की म्हणतात. "वजाबाकी मलाही येते."

"तुम्हाला माहीत होतं, पाक?"

"जमीन मी वर घेतली, मला माहीत नसेल? तू सांगितलंस, घरात किती पाणी येतं ते लिहा. घरात आलं तेवढं लिहिलं. बोटभर इकडेतिकडे केलं नाही."

"माती मीपण वाहिली होती."

"वाहिलीस की. मान दुखते म्हणून दोन दिवस कॉलेजला दांडी मारलीस." मग आवाज उतरवून म्हणाले, "पलीकडच्या गावची रोकायाह येणारेय ना आज तिकडे? गेल्या महिन्यात आली होती, आपला बांध बघायला. मला विचारलं, पाक दार्सोनो, पाणी खरंच उतरलं का हो. मी म्हटलं, माझ्या मुलीला विचार, ती शिकतेय." पलीकडे मोजपट्टी डब्यात टाकल्याचा आवाज. "आणि ते तुमचे पाहुणे पंधरवड्यात गाव बघायला येणार ते नक्की ना? मी माती सांगून ठेवलीय. बूट भिजायला नकोत त्यांचे."

फोन ठेवल्यावर मी कठड्याला टेकून उभी राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उलट एक विचित्र शांतता होती, घरात पाणी चढतं तेव्हा असते तशी. पाणी चढताना कुणी धावपळ करत नाही, धावपळ त्याच्या आधी होते. पाणी आलं की सगळे पाय वर घेऊन बसतात आणि हळू बोलतात. मला वडिलांची वही आठवली. वहीवर बांगड्यांच्या दुकानाची जाहिरात आहे, आत दर पानावर तारीख, चंद्राची कला, पाणी. त्यांचं अक्षर शाळा सोडलेल्या मुलाचं, मोठं आणि सुटं सुटं. गेल्या वर्षी मी ती वही विद्यापीठात आणली होती आणि सगळ्यांनी ती आळीपाळीनं हातात घेतली होती. वडिलांना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी गावातल्या चहाच्या टपरीवर ते चार वेळा सांगितलं, चौथ्या वेळी टपरीवाल्यानंच पुढचं वाक्य पूर्ण केलं. ती वही खोटी नव्हती. तिच्यातला एकही आकडा खोटा नव्हता. मी तिला चुकीचा प्रश्न विचारला होता आणि ती बिचारी सहा वर्षं त्याचं बरोबर उत्तर देत होती.

तिउर दोन कप चहा घेऊन गच्चीत आली. मी तिला सांगितलं. तिनं मध्ये एकदाही विनोद केला नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. "आणखी कुणाला माहितेय?" तिनं विचारलं. म्हटलं, वडिलांना, आईला. "म्हणजे कुणालाच नाही." मग चहात फुंकर घालत म्हणाली, "हे बघ, नऊपर्यंत ही चूक होती. चुकीला कुणी फाशी देत नाही. पण आता तुला माहितेय. दहाला बोललीस तर ती चूक राहणार नाही." मी म्हटलं, हे कायद्यात असं लिहिलंय? "कायद्यात लांबलचक लिहिलंय," ती म्हणाली. "पण सदतीस, मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते विचारू नकोस. मला खरंच सांगता येणार नाही." तिनं मला नंतरही कधी ते सांगितलं नाही आणि त्याबद्दल ती मला आवडते.

बू हापसारी मला दाराशीच भेटल्या. त्यांना सांगितल्यावर त्यांनी नेहमीसारखे पाच मोजले, या वेळी बहुधा दहा. "वेनिंग," त्या म्हणाल्या, "माणसं येऊन बसलीत. आज एवढंच म्हण, की मोजणी अजून चालू आहे, आकडे बदलू शकतात. ते खोटं नाही. मग शोधनिबंधात नीट दुरुस्त कर, मी स्वतः तुला मदत करीन." त्या खरंच मदत करतील हे मला माहीत होतं. वाईट बाई नाहीत त्या. त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी काळजी होती, आणि ती मला सगळ्यात जड गेली. मला ते पटलंसुद्धा, पुरतं अर्धा मिनिट पटलं. मोजणी अजून चालू आहे. किती सुरेख वाक्य, त्यावर कुणाचाच पाय घसरणार नाही. महिनाअखेरीला तीन गावं बांधाचे बांबू सांगतील आणि पुढच्या वर्षी, सगळं नीट तपासून, माझी दुरुस्ती छापून येईल. मग मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. मागच्या रांगेत बू रोकायाह बसली होती. शेजारच्या गावातली, मासळीच्या कुरडया करणाऱ्या बायकांच्या गटाची प्रमुख. मोठ्या फुलांचं डोक्याचं वस्त्र, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आम्हाला वाटायला आणलेल्या कुरडयांची पाकिटं. सभागृहातल्या गारव्यानं आखडून बसली होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडे नीट निरखून बघत होती, यातली दार्सोनोची मुलगी कोण, असं.

मी चौथी बोलले. आधीच्या तिघांना टाळ्या मिळाल्या त्या मी ऐकल्या, पण ते काय बोलले ते आठवत नाही. मी उभी राहिले तेव्हा पडद्यावर माझा आलेख आलेला होता, दोन पायऱ्या, निळ्या रंगात. आम्हाला शिकवलं होतं तसं मी श्वास घेतला, दोन्ही पाय जमिनीवर रोवले. पाय जमिनीवर रोवायला शिकवणाऱ्या माणसानंही कोणती जमीन ते सांगितलं नव्हतं, असं मनात आलं आणि जरासं हसूही आलं. "माझं नाव वेनिंग," मी म्हटलं. "हा आलेख चुकलाय. आमच्या घरात पाणी सदतीसनं उतरलेलं नाही, अठरानं चढलंय. मधल्या काळात आम्ही दोनदा जमीन वर घेतली, आणि मी पाणी मोजलं ते जमिनीपासून." मग खिळ्याचं सांगितलं, आजोबांचं, वडिलांच्या वर केलेल्या हाताचं. फार वेळ लागला नाही. पहिल्या रांगेतल्या कचेरीच्या माणसानं लिहिणं थांबवलं आणि पेनाला टोपण लावलं. आमच्यातलं कुणीतरी खोकलं. 

"म्हणजे आम्हीपण," मागून आवाज आला. बू रोकायाह उभी राहिली नव्हती, बसूनच बोलत होती, माईक तिच्यापर्यंत पोहोचायच्या आत. "आम्हीपण दर ईदेला म्हणतो पाणी कमी झालं. तुमच्याकडे दोनदा झालं ना? आमच्याकडे तीनदा." तिनं बोटं मोजली. "थांब. चारदा. धाकटीचं लग्न ठरलं तेव्हाचा भराव धरून चारदा." तिच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "मशिदीत दोनदा." आणखी कुणीतरी, "शाळेत एकदा, आणि मग शाळा सोडलीच." मागच्या तिन्ही रांगांत माणसं बोटं मोजायला लागली. कुणी एकमेकांना दुरुस्त करत होतं, ते नाही, ते कोंबड्यांच्या खुराड्याचं होतं, घराचं वेगळं. एका बाईनं उभं राहून स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवला, खिडकी आता इथे आलीय. आवाज वाढला नाही, घाईही नव्हती. घरात कोण कधी जन्मलं हे आठवून सांगावं तसं ते चाललं होतं. माझी सात मिनिटं केव्हाच संपली होती. घंटी बू हापसारींच्या हातात होती. त्यांनी ती वाजवली नाही.

"मग आम्ही काय करायचं?" बू रोकायाहनं मला विचारलं. आता तिच्या हातात माईक होता आणि तिला तो कसा धरायचा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, बू. बांध नसता तर कदाचित आणखी चढलं असतं. तेही मला सांगता येत नाही, मी ते मोजलेलंच नाही. चढलंय एवढं मात्र नक्की." तिनं माईक दुसऱ्या हातात घेतला. मला वाटलं, आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "तुझ्या बापाला विचारलं तर म्हणाला मुलीला विचार," ती म्हणाली. "आता मुलीला विचारलं तर म्हणते माहीत नाही. चांगलं घराणं आहे." लोक हसले, मीही हसले. मग तिनं माईक खाली ठेवला आणि माईकशिवायच म्हणाली, "बरं झालं. महिना संपायच्या आत सांगितलंस." खाली बसून तिनं पिशवीचं तोंड उघडलं आणि कुरडयांची पाकिटं पुढे पाठवायला सुरुवात केली, जणू कार्यक्रमातलं तिचं काम आत्ता सुरू झालं होतं.

पुढच्या वर्षभरासाठी बारांतून तिघांना निवडायचं होतं, त्यांत माझं नाव आलं नाही. तिउरचं आलं. बू हापसारींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुझ्या बोलण्यामुळे नाही, पण आकडा नसलेली गोष्ट पुढे न्यायला अवघड जाते. पाहुण्यांची गावभेटही रद्द झाली. मला वाईट वाटलं. मला ती फेलोशिप हवी होती, फार हवी होती, रोज सकाळी उठल्यावर त्या फलकावरचा माझा फोटो आठवून मला बरं वाटायचं, आणि ते गेल्यावर दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शोधनिबंध एक वर्ष पुढे गेला. प्राध्यापकांनी दारावरचा आलेख काढला, पण चिकटपट्टीच्या चार खुणा तिथे राहिल्या आणि त्यांच्यासमोरून जाताना मी नजर खाली घालते.

महिना संपायला दोन दिवस असताना मी घरी गेले. होडीतून उतरले, ओसरीवर चढले आणि सवयीनं वाकून आत शिरले. नेहमीइतकीच वाकले होते. कपाळ वरच्या पट्टीवर असं आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आतून आई म्हणाली, "वीस सेंटीमीटर. माती सांगितली होती, आली. पाहुणे नाही आले म्हणून ती परत नेतात होय?" घरात बर्फ नव्हता म्हणून तिनं थंड पाण्याचा पेला माझ्या कपाळावर धरला. "आता मलापण वाकावं लागतं," ती म्हणाली. हे ती हसत म्हणाली नाही, नुसती म्हणाली. जमीन नवी, कोरडी, सिमेंटचा वास येणारी. मी समोर पाहिलं. भिंतीवर, माझ्या पोटाच्या वरच्या बाजूला, नुसता खिळा होता.

"आजोबा कुठेत?"

"पेटीत," बाहेरून वडिलांचा आवाज आला. "बाटिकमध्ये गुंडाळून ठेवलेत. तिथे आता खिळा पुरे."

मी मागच्या दारानं बाहेर गेले. वडील गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांच्या हातात गवंड्यांची असते ती पाणी भरलेली पारदर्शक नळी होती. तिचं एक टोक खिडकीतून आत, खिळ्यापाशी सुतळीनं बांधलेलं, दुसरं बाहेरच्या भिंतीशी. नळीतलं पाणी स्थिर झालं तिथे त्यांनी कोळशानं रेघ मारली होती, म्हणजे खिळ्याची उंची बाहेर आली होती. त्या रेघेपासून ते मोजपट्टी खाली पाण्यापर्यंत सोडत होते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलंही नाही. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं, ओल्या बोटानं वहीचं पान उलटलं आणि लिहिलं. तीच वही, पण पानावर मधोमध उभी रेघ ओढून दोन रकाने केलेले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. डावीकडे, घरात पाणी: नाही. उजवीकडे, बाबांच्या खिळ्यापासून पाणी: एकशे बावीस.

"रोकायाहच्या गावानं नावं घातली म्हणे यादीत," ते वहीकडे बघत म्हणाले. "सगळ्या घरांनी नाही. पण तिनं घातलं."

"हो. ऐकलं."

"आपल्या गावाचं नाव तू काढवलंस." त्यात राग नव्हता. पाणी किती ते सांगतात त्याच आवाजात सांगितलं.

"हो."

"परत घालायचं तर त्या कचेरीत काहीतरी दाखवावं लागेल." त्यांनी वही सदऱ्याला पुसली, मिटली आणि माझ्यापुढे धरली. "उजवीकडचं दाखव. मागची सहा वर्षं तू बस आणि मांड, पंचावन्न कुठे कुठे धरायचे ते तुला कळेल. आणि संध्याकाळच्या आत जा, परवा शेवटचा दिवस आहे."

ते घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, त्यात तीन वेळा माती भरली होती, आणि मला आठवतं तसं ते कधी एक रात्रही दुसरीकडे झोपले नव्हते.  ते वळून नळी गुंडाळायला लागले. तोंडानं फुंकर मारून त्यांनी आतलं पाणी बाहेर सोडलं, ते खालच्या पाण्यात पडलं. मी वही पिशवीत घातली, आईनं बांधून दिलेला भात घेतला, आणि बाहेर पडताना या वेळी पुरेशी वाकले.